पॅरोल बोर्ड हवा का, आणि हवा तर त्याच्या हातात नेमकं काय द्यायचं?

रानवाट:
अरुण गवळी नागपूर जेलमधून बाहेर आला तेव्हापासून आमच्या ऑफिसात डबा खाताना हा विषय अधूनमधून निघतोच आणि दर वेळी कुणीतरी ठोकून देतं की पॅरोल बोर्डाने सोडलं त्याला. तर आधी तेवढं क्लिअर करतो. गवळीला सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२५ मध्ये जामीन दिला, वय ७६ आणि आत काढलेली १७ वर्षं बघून. त्याआधी एप्रिल २०२४ मध्ये नागपूर खंडपीठाने त्याला २००६ च्या मुदतपूर्व सुटकेच्या धोरणाचा फायदा द्या म्हणून सांगितलं होतं (६५ च्या वरचे, शरीराने थकलेले, निम्मी शिक्षा भोगलेले कैदी), त्यावर सरकार सुप्रीम कोर्टात गेलं आणि स्टे घेऊन आलं. या सगळ्यात बोर्ड कुठेच नाही, कारण इंग्लंडसारखा, कैद्याला मुदतीआधी सोडायचं का याचा स्वतः निर्णय देणारा पॅरोल बोर्ड आपल्याकडे नाहीच मुळात.

आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे रजा. संचित रजा म्हणजे फर्लो आणि अभिवचन रजा म्हणजे पॅरोल, दोन्हींचे मूळ नियम १९५९ चे, फर्लोचे दिवस शिक्षेत धरतात, पॅरोलचे धरत नाहीत, पण दोन्हीत माणूस परत आत जातो (जायला हवा). दुसरी म्हणजे मुदतपूर्व सुटका, म्हणजे उरलेली शिक्षा माफ होऊन कायमचं घरी. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम ४३२ आणि ४३३अ, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४७३ आणि ४७५. खुनाच्या जन्मठेपेत १४ वर्षं प्रत्यक्ष आत काढल्याशिवाय फाईल हलतच नाही आणि हलली की जेल अधीक्षक, पोलीस, जिल्हाधिकारी, शिक्षा देणारं कोर्ट अशी मतं गोळा करत करत ती मंत्रालयात जाते आणि शेवटची सही सरकारची.

माझं म्हणणं एवढंच, की ही शेवटची सही सरकारकडून काढून घ्या. स्वतंत्र बोर्ड नेमा, त्यात न्यायाधीश असेल, मानसोपचारतज्ज्ञ असेल, प्रोबेशनचं काम केलेला माणूस असेल, आमदार एकही नको. सोडायचं की नाही हा बोर्डाचा निर्णय सरकारवर बंधनकारक हवा, कारणं लिहून द्यायला हवीत, आणि पीडिताच्या घरच्यांना ऐकून घेतल्याशिवाय निर्णय नको. मात्र शिक्षा वाढवायचा अधिकार बोर्डाला शून्य. कोर्टाने जी चौकट आखली तिच्या आतच.

का, तर बिल्किस बानो प्रकरण, म्हणजे २००२ च्या गुजरात दंगलीतला सामूहिक बलात्कार आणि खून. गोध्र्याच्या सल्लागार समितीत सत्ताधारी पक्षाचे आमदार बसलेले, मुंबईच्या स्पेशल कोर्टाच्या जजने नको म्हटलं, सीबीआयने नको म्हटलं, तरी १५ ऑगस्ट २०२२ ला ११ जण बाहेर आले आणि हारतुरे झाले. बोला आता.

बोरीबंदर:
रानवाट, उदाहरण बरोबर दिलंत पण निष्कर्ष उलटा काढलात. ते ११ जण परत आत कसे गेले? सुप्रीम कोर्टाने ८ जानेवारी २०२४ ला तो आदेश रद्द केला आणि दोन आठवड्यांत हजर व्हा म्हणून सांगितलं. म्हणजे सरकार चुकलं, कोर्टाने कान धरला. यंत्रणा चालली की. उद्या तुमचा तो स्वतंत्र बोर्ड चुकला तर कान कुणाचा धरणार? मंत्र्याला निदान पाच वर्षांनी मतं मागायला दारात यावं लागतं, बोर्डावरच्या साहेबांना कुणाच्याच दारात जायचं नसतं. सरकारच्या निर्णयावर आपण इथे बोंब तरी मारू शकतो, बोर्डाचं नाव घेतलं की "स्वायत्त आहे हो" म्हणून सगळे हात वर करतील.

चहाटळ:
थोडक्यात निवृत्त न्यायमूर्तींसाठी अजून एक बंगला, अजून एक गाडी. चालू द्या.

अडकित्ता:
(वकिली करतो, फौजदारी बाजू, जेल पिटिशन्स बऱ्याच केल्यात, म्हणून जरा लांबण लागेल.)

बोरीबंदर म्हणतायत तसं "यंत्रणा चालली" हे अर्धंच खरं आहे. सुप्रीम कोर्टाने गुजरातचा आदेश रद्द केला तो मुख्यतः अधिकाराच्या मुद्द्यावर. खटला मुंबईत चालला, शिक्षा महाराष्ट्रात झाली, म्हणून माफीचा विचार करायचा अधिकार महाराष्ट्र सरकारचा, गुजरातचा नव्हे. म्हणजे तात्त्विकदृष्ट्या उद्या महाराष्ट्रात तोच अर्ज येऊ शकतो आणि आपल्या मंत्रालयात त्याच प्रकारे फाईल फिरू शकते. प्रश्न तिथेच उभा आहे.

पण रानवाट, तुमच्या "बंधनकारक" शब्दाला कायद्यात एक खिंडार आहे ते बघून घ्या. राज्यपालांचा कलम १६१ चा आणि राष्ट्रपतींचा कलम ७२ चा शिक्षा माफ करायचा अधिकार घटनेतला आहे. विधानसभेने कितीही कडक बोर्ड कायदा केला तरी तो अधिकार काढता येत नाही आणि राज्यपाल चालतात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. म्हणजे बोर्डाने नाही म्हटलं तरी सरकारला मागचं दार उघडंच. तुमचा बोर्ड बांधून घालेल तो फक्त संहितेखालच्या माफीला.

दुसरं, सध्याच्या चौकटीतसुद्धा बरंच काही झालंय ते लोकांना माहीत नसतं. शिक्षा देणाऱ्या जजने नुसतं "विरोध आहे" एवढं एका ओळीत लिहून चालणार नाही, कारणं द्यायला हवीत, हे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने छत्तीसगडच्या प्रकरणात सांगितलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये अजून पुढे गेले, की राज्याचं धोरण असेल तर कैद्याने अर्ज केला नसला तरी पात्र कैद्याचा विचार करायचाच, घातलेल्या अटी पाळता येण्यासारख्या हव्यात, आणि एकदा दिलेली माफी काढून घ्यायची तर आधी नोटीस आणि कारणं. हे सगळं बोर्डाशिवाय आलं. आधी हे नीट राबवा की.

आणि २०१५ च्या श्रीहरन निकालानंतर हायकोर्ट-सुप्रीम कोर्ट सांगू शकतं की या माणसाला २५ वर्षं किंवा ३० वर्षं माफी नाही. तिथे तुमच्या बोर्डाला कामच नाही.

सातारी_कंदील:
मी पहिल्यांदाच लिहितेय या विषयावर. माझ्या चुलत्यांचा खून झाला तेव्हा मी दहावीत होते. आरोपीला जन्मठेप लागली, हायकोर्टात कायम झाली, आम्ही म्हटलं संपलं. तर एका वर्षी गावच्या यात्रेत पालखीच्या मागे तो उभा, कपाळाला गुलाल लावून. आमच्या काकूने त्याला बघितलं आणि तिथेच खाली बसली ती. फर्लोवर आला होता. आम्हाला कुणी एक फोन केला नव्हता, पोलीस पाटलाला माहीत होतं, सरपंचाला माहीत होतं, फक्त आम्हाला नाही.

तुम्ही सगळे बोर्ड की मंत्री करताय, मला त्याने काय फरक पडतो? ज्या माणसाचं गेलंय त्याला आधी कळवायची सक्ती कुठे आहे ते सांगा. आणि माझं स्पष्ट मत आहे, शिक्षा कोर्टाने दिली तर ती कमी पण कोर्टानेच करावी, उघड्यावर, आमच्यासमोर. कुठल्या तरी खोलीत बसून पाच जण ठरवणार आणि आम्ही पेपरात वाचणार हे नको.

रानवाट:
ताई, तुमचं वाचून सुन्न झालो. मी मूळ पोस्टमध्ये ऐकून घेणं म्हटलं, कळवणं माझ्या डोक्यात त्यातच धरलं होतं, तरी तुम्ही म्हणता तसं ते वेगळं आणि ठळक लिहायला हवं, रजेसाठीसुद्धा. कोर्टानेच करावी याला मात्र माझा विरोध आहे. त्या जजने खटला चालवलेला असतो २० वर्षांपूर्वी, तो बहुतेक निवृत्त झालेला असतो, त्या खुर्चीवर आता बसलेला जज मत देतो ते त्याच जुन्या निकालपत्रावरून. त्या निकालपत्रात गुन्हा आहे, माणूस २० वर्षांत काय झाला ते नाही.

मळ्यातला:
सातारी ताई, तुमच्या काकूंचं दुःख खोटं म्हणायची माझी छाती नाही. पण मी दुसऱ्या बाजूचा आहे, माझा मामा आत आहे, बांधावरनं झालेली मारामारी, त्यात एक जण गेला, चौघांना जन्मठेप. तेव्हा रजेचं काम प्रत्यक्षात कसं होतं ते मी सांगतो, मग ठरवा काय अधिकार कुणाला द्यायचे ते.

मामा आतनं अर्ज देतो. अर्ज जेलमधनं आमच्या तालुक्याच्या पोलीस स्टेशनला चौकशीला येतो. महिना जातो, दीड महिना जातो, मग एक दिवस हवालदार येतात मोटारसायकलवर, घरात न येता एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा पितात आणि तिथेच दोघातिघांना विचारतात, आला तर काय होईल रे? आता हॉटेलात बसलेला कोण सांगणार काही होणार नाही म्हणून, झालंच काही उद्या तर नाव त्याचं. मग रिपोर्ट जातो, "फिर्यादी व साक्षीदार एकाच गावचे असून सार्वजनिक शांततेचा भंग होण्याची शक्यता नाकारता येत नाही". हे वाक्य आम्हाला पाठ झालंय. दर रिपोर्टात तेच, फक्त नाव बदलून. नामंजूर. मग आपण हायकोर्टात जायचं, तिथे तारीख, आणि तिथनं मंजूर होऊन येईस्तोवर ज्या कारणासाठी रजा पाहिजे होती ते कारणच उरत नाही. मामाच्या आईचं बारावं असंच हुकलं.

बरं मंजूर झाली तरी जामीनदार पाहिजे. घरातला एक आणि वर जातमुचलका. आमच्याकडे सातबारा तरी आहे. मामाच्या बराकीत एक पारधी समाजाचा माणूस आहे, रजेची ऑर्डर हातात येऊन तो तिथेच बसलाय कारण त्याला जामीन राहायला कोणी नाही. असल्या माणसासाठी बोर्ड काय करणार ते बोला. मुंबईतल्या खोलीत बसलेल्या पाच जणांना तो दिसणारच नाही.

कोथरूडकर_जुना:
मळ्यातला, सहानुभूती आहे, पण नियम कडक का झाले तेही सांगा की. वडाळ्याला २०१२ मध्ये एका तरुण वकील मुलीचा तिच्याच सोसायटीच्या वॉचमनने घरात घुसून खून केला. २०१४ ला जन्मठेप. २०१६ मध्ये तो आईच्या आजारपणाच्या नावाखाली नाशिक रोडहून पॅरोलवर बाहेर पडला आणि गायब. २०१७ च्या ऑक्टोबरात काश्मीरमध्ये सापडला. जन्मठेप लागून दोन वर्षं होत नाहीत तोवर पॅरोल. तो पळाल्यावर २०१६ मध्येच नियम बदलले, बलात्कार वगैरे गुन्ह्यांच्या कैद्यांना रजेतून वगळलं. बरोबरच केलं.

कोविडमध्ये सोडलेले किती जण परत आलेच नाहीत तेही आठवा, गुन्हे नोंदवत बसले पोलीस. मला विचाराल तर अधिकार कमी करा, वाढवू नका. बोर्ड नको, रजा नको, माफी नको. सांगितली तेवढी शिक्षा पुरी भोगायची. कशाला एवढा काथ्याकूट.

पेन्शनर_शिपाई:
कोथरूडकर साहेब, मी जेल खात्यात उभी हयात घालवली, शिपायापासून वर गेलो. जेलात एका बराकीत शे-शंभर माणूस आणि रात्री ड्युटीवर आम्ही मोजके. ती माणसं शांत का बसतात असं वाटतं तुम्हाला? आमच्या लाठीला भिऊन? फर्लोला. भांडण केलं, मोबाईल सापडला, तंबाखूची पुडी सापडली की शिक्षा लागते आणि रजा लांबते, माफीचे दिवस कापले जातात, हे प्रत्येकाला तोंडपाठ असतं. ज्याला कधीच बाहेर पडायचं नाही हे पक्कं माहीत आहे तो कैदी सगळ्यात धोकादायक, त्याच्याकडून तुम्ही काय काढून घेणार? रजा बंद करा म्हणणाऱ्यांनी एक रात्र बराकीबाहेर ड्युटी करावी, मग बोलावं.

आता बोर्डाबद्दल. माझं मत जरा वेगळं आहे. आम्ही जे कागदावर "वर्तणूक चांगली" लिहितो त्याला फार अर्थ नाही हे मी स्वतः लिहीत होतो म्हणून सांगतो. आत शहाणा वागणारा बाहेर शहाणा वागेलच असं नाही. दारू आत नाही, बाई आत नाही, बांध आत नाही. ज्या गोष्टीवरनं डोकं फिरलं ती गोष्टच आत नाही तर वर्तणूक चांगलीच असणार! खरी परीक्षा रजेत होते. पाच-सात वेळा रजेवर गेला आणि ठरल्या दिवशी दुपारी गेटवर पिशवी घेऊन हजर, तो माणूस मी सोडून देईन. त्यामुळे सुटकेचा निर्णय घेणाऱ्याच्या हातात रजेचा पूर्ण इतिहास असलाच पाहिजे आणि रजा द्यायचा अधिकार त्याच्यापेक्षा खाली, जेलजवळ राहिला पाहिजे. आईच्या तेराव्याला जायचंय त्याची फाईल बोर्डाकडे पाठवलीत तर वर्षश्राद्धाला उत्तर येईल.

अजून एक. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे, औंध संस्थान असताना १९३९ साली पंतप्रतिनिधींनी काढलेली खुली वसाहत. तिथे कैदी बायको-पोरांसकट राहतात, शेती करतात. भिंत नाही. असं असताना बोर्ड काय सोडायचं का ठेवायचं एवढंच बघणार? मधली पायरी द्यायचा अधिकार द्या त्याला, की एकदम घरी नाही, आधी दोन वर्षं खुल्या वसाहतीत राहा, मग बघू.

बोरीबंदर:
शिपाई साहेबांचं हे पटलं. बाकी बोर्डाचं नाही.

थेम्सकाठचा:
लंडनजवळ राहतो, इथला पॅरोल बोर्ड बऱ्याच वर्षांपासून बघतोय म्हणून दोन पैसे टाकतो. इथेही तो १९६७ च्या कायद्याने आला तेव्हा नुसता सल्ला देणारा होता, निर्णय होम सेक्रेटरीचा. मग युरोपियन मानवी हक्क कोर्टाने आणि इथल्या कोर्टांनी हळूहळू तो मंत्र्याच्या हातातून काढला. आज कसोटी एकच आहे, जनतेच्या संरक्षणासाठी याला आत ठेवणं अजून गरजेचं आहे का. शिक्षा पुरेशी झाली का हा प्रश्न त्यांनी विचारायचाच नसतो, ते कोर्टाने ठरवलेल्या किमान वर्षांमध्ये झालेलं असतं. रानवाट म्हणतायत ती चौकट साधारण हीच.

आता त्याचे चटके पण ऐका. जॉन वॉरबॉईज नावाचा टॅक्सीवाला, बायकांना गुंगीचं औषध घालून अत्याचार करणारा, २००९ ला दोषी ठरला. २०१८ च्या सुरुवातीला बोर्डाने त्याला सोडायचं ठरवल्याचं बाहेर आलं आणि कारणं सांगायलाच नियमाने बंदी होती! दोन पीडित बायका हायकोर्टात गेल्या, त्यांच्यासाठी लोकांनी वर्गणी काढली, मार्चमध्ये कोर्टाने बोर्डाचा निर्णय रद्द केला आणि अध्यक्षाला खुर्ची सोडावी लागली. त्यानंतर निर्णयाचा सारांश मागता येतो, फेरविचार मागता येतो. म्हणजे बोरीबंदर विचारतात "कान कुणाचा धरणार" त्याचं उत्तर आहे, पण ते दोन बायकांनी भांडून मिळवलं, बोर्डाने आपणहून दिलं नाही.

आणि उलट बाजूचा चटका त्याहून वाईट. २००५ पासून इथे एक शिक्षा होती, आयपीपी म्हणतात, किमान मुदत कोर्ट ठरवणार आणि त्यापुढे बोर्ड "सुरक्षित" म्हणेपर्यंत आतच. किमान मुदत दोन वर्षं, तीन वर्षं, आणि माणसं दहा-पंधरा वर्षं आत सडली, कारण बोर्डाला पटवायला जे कोर्सेस करायचे ते जेलमध्ये मिळायचेच नाहीत. २०१२ ला ती शिक्षा रद्द केली पण आधी लागलेल्यांना तशीच ठेवली. कित्येकांनी आत्महत्या केल्या. तेव्हा "बोर्डाला शिक्षा वाढवायचा अधिकार शून्य" हे म्हणायला सोपं आहे. जन्मठेपेत बोर्डाने दर वेळी नुसतं "अजून नाही" म्हटलं की ती वाढच झाली, वाढवायचा अधिकार वेगळा लिहावाच लागत नाही.

रानवाट:
थेम्सकाठचा, हा मुद्दा जबरदस्त आहे. त्यावर माझं उत्तर, की नकार दिला तर बोर्डाने लिहून द्यायचं नेमकं काय कमी पडलं आणि पुढच्या वेळेपर्यंत काय करायचं, आणि पुढची तारीख दोन वर्षांच्या आत. जी सोय जेलमध्ये नाही तिच्या नावावर नकार द्यायचा नाही. आणि गुन्हा किती क्रूर होता या एकाच कारणावर दुसऱ्यांदा नकार नको, कारण गुन्हा काही बदलणार नाही, तो आयुष्यभर तेवढाच क्रूर राहणार.

सातारी_कंदील:
हो, तेवढाच क्रूर राहणार. म्हणूनच.

अडकित्ता:
रानवाट, तुमच्या या शेवटच्या ओळीवर दिल्लीत प्रत्यक्ष भांडणं चालू आहेत. तिथे सेन्टेन्स रिव्ह्यू बोर्ड आहे, नाव बोर्डाचं पण अध्यक्ष गृहमंत्री. त्याच बोर्डाच्या शिफारशीवर जेसिका लाल खून प्रकरणातला मनू शर्मा २०२० च्या जूनमध्ये सुटला. हा तोच, जो २००९ मध्ये आईच्या आजारपणाचं कारण देऊन पॅरोलवर बाहेर आला आणि दिल्लीतल्या नाइटक्लबात दिसला. तो सुटला, आणि तशाच वर्षांची शिक्षा भोगलेल्या दुसऱ्या एका कैद्याला त्याच बोर्डाने पुन्हा पुन्हा नकार दिला, शेवटी दिल्ली हायकोर्टाने जुलै २०२५ मध्ये नकार रद्द करून परत विचार करा म्हणून सांगितलं. म्हणजे नुसती बोर्डाची पाटी लावून उपयोग नाही, खुर्चीवर कोण बसतो तिथे सगळं येतं.

कोथरूडकर_जुना:
आणि तो डेऱ्याचा बाबा राम रहीम? बलात्काराची शिक्षा, आणि दर थोड्या महिन्यांनी बाहेर, निवडणुका जवळ आल्या की हमखास. हरियाणाने २०२२ मध्ये चांगल्या वर्तणुकीच्या कैद्यांचा कायदाच केला नवीन. सगळं कायदेशीर बरं का!

मळ्यातला:
कोथरूडकर, तुम्हीच बघा आता. राम रहीमला रजा मिळते, बिल्किसच्या केसमधल्या बहुतेकांना सुटायच्या आधीच हजार-हजार दिवसांच्या वर रजा-पॅरोल मिळाला होता, संजय दत्तच्या रजा तर २०१३-१४ मध्ये रोज पेपरात होत्या. आणि तुम्ही नियम कडक करा म्हणता तेव्हा तो कडकपणा लागतो कुणाला? त्या पारध्याला. मोठ्या माणसाच्या गावात हवालदार हॉटेलात चहा पीत बसत नाहीत. म्हणून मी म्हणतो बोर्ड असू दे नाहीतर मंत्री असू दे, पोलीस रिपोर्ट एवढ्या एका कागदावर नकार द्यायचा अधिकार कुणालाच देऊ नका. रिपोर्टात कुणाला विचारलं, कधी विचारलं, काय म्हणाला, हे नाव-तारखेसकट पाहिजे. ताईंच्या घरी पण जाऊन विचारलं पाहिजे, हॉटेलात नाही.

आणि रजा नाकारायच्या ऐवजी अट घालायचा अधिकार वापरा ना. मामाला एकदा हायकोर्टाने रजा दिली ती गावात पाऊल टाकायचं नाही या अटीवर, तो मावशीकडे दुसऱ्या तालुक्यात राहिला, रोज सकाळी तिथल्या पोलीस स्टेशनात सही, एक दिवस चुकला नाही. फिर्यादीला त्रास नाही, याला पोरं बघायला मिळाली. कुणाचं काय बिघडलं?

सातारी_कंदील:
मळ्यातला दादा, असं केलं असतं तर आमची काकू त्या दिवशी यात्रेतनं घरी चालत आली असती. गावात यायचं नाही ही अट मला मान्य आहे. पण ती अट पाळली का नाही हे बघणार कोण, आणि मोडली तर लगेच आत घ्यायचा अधिकार कुणाला? आम्ही तक्रार घेऊन गेलो तेव्हा स्टेशनात म्हणाले हा जेलचा विषय, जेलला फोन केला तर म्हणाले पोलिसांना सांगा.

पेन्शनर_शिपाई:
ताई म्हणतात ते शंभर टक्के खरं आहे आणि बोर्डाला खरा अधिकार द्यायचा असेल तर तो इथे. आज माणूस रजेवर गेला की आमचा संबंध तो परत गेटवर येईपर्यंत संपतो. मधल्या काळात तो पोलिसांचा, आणि पोलिसांना बंदोबस्त, गणपती, व्हीआयपी यातनं वेळ नाही. प्रोबेशन अधिकारी म्हणून जी माणसं आहेत ती एका जिल्ह्याला हाताच्या बोटावर मोजण्याइतकी. बोर्ड नेमाल, पाच माणसं बसवाल, त्यांच्या हाताखाली गावात जाऊन बघणारा माणूसच नसेल तर ते तरी काय करणार, परत हवालदाराचाच रिपोर्ट वाचणार.

बोरीबंदर:
बघा, फिरून फिरून तिथेच आलो. पैसा जर हवालदार आणि प्रोबेशनवाल्यांवर घालायचा असेल तर बोर्ड कशाला? आणि एक सांगतो, आपल्या जेलांतले चारातले तीन कैदी कच्चे आहेत, म्हणजे खटला संपलेलाच नाही, त्यांना ना फर्लो ना माफी ना तुमचा बोर्ड. आपण उरलेल्या पाव हिश्शासाठी भांडतोय.

रानवाट:
कच्च्या कैद्यांचा वेगळा धागा काढा, मी येतो तिथे. पण म्हणून हा प्रश्न छोटा होत नाही. आपल्याकडे २०१० च्या मार्गदर्शक तत्त्वांत गुन्ह्याच्या प्रकाराप्रमाणे किती वर्षांनी सुटकेचा विचार करायचा याचा तक्ता आहे, काही प्रकारांत आकडा २६-२८ च्याही पुढे जातो. कोणता कैदी कोणत्या खणात बसतो हे गृह खात्यातला बाबू ठरवतो. खून "पूर्वनियोजित" होता की नाही या एका शब्दावर माणसाची चार-सहा वर्षं इकडची तिकडे होतात, आणि त्यावर कैद्याला तिथे तोंड उघडायची सोय नाही, ताईंच्या काकूंनाही नाही. हे काम हवालदार वाढवून सुधारत नाही. हे न्यायाचं काम आहे आणि ते बंद फाईलीत चाललंय.

अडकित्ता म्हणाले ते १६१ चं खिंडार मान्य, घटना बदला असं मी म्हणत नाही. पण बोर्डाने कारणांसकट "नको" लिहून जाहीर केलेलं असेल आणि त्यानंतरही मंत्रिमंडळाने राज्यपालांकरवी सोडलं तर निदान ते उघड्यावर करावं लागेल, सही कुणाची ते दिसेल. आज दिसत नाही.

रजा शिपाई साहेब म्हणतात तशी जेलजवळच राहू दे, बोर्डाकडे फक्त नामंजुरीवरचं अपील, तेही १५ दिवसांत. सुटका, मधली पायरी, अटी घालणं आणि अट मोडली तर परत आत घेणं, हे बोर्डाचं. परत घेताना आधी नोटीस, फक्त पीडिताला धोका असेल तर आधी आत आणि मग सुनावणी.

अडकित्ता:
"आधी आत आणि मग सुनावणी" हे कोर्टात टिकवायला घाम फुटेल, सांगून ठेवतो. मुदत घालावी लागेल, सात दिवसांत सुनावणी नाही झाली तर परत बाहेर असं काहीतरी. बाकी अपीलाची कल्पना चांगली आहे, आमच्या अर्ध्या पिटिशन्स कमी होतील (धंदा बसेल आमचा). रजेची कारणं किती ताणायची हा प्रश्न तरीही राहणारच. २०२४ च्या जुलैत मुंबई हायकोर्टाने एका जन्मठेपेच्या कैद्याला मुलगा ऑस्ट्रेलियाला शिकायला निघाला म्हणून निरोप द्यायला आणि फीची तजवीज करायला दहा दिवस दिले. सरकारी पक्षाचं म्हणणं होतं हे काही पॅरोलचं कारण नव्हे. कोर्टाचं म्हणणं, दुःखाला सोडता तर सुखाला का नाही.

कोथरूडकर_जुना:
घ्या. म्हणजे आता विमानतळावर टाटा करायला पण रजा.

मळ्यातला:
हो, का नाही? पोरानं काय केलंय?

सातारी_कंदील:
माझ्या चुलतभावानेही काही केलं नव्हतं, त्याला सोडायला स्टँडवर कुणी आलं नाही. तरी मी ऑस्ट्रेलियावाल्याला नको म्हणणार नाही. फक्त त्या दहा दिवसांत ज्या घरातलं माणूस गेलंय त्यांच्या फोनवर एक मेसेज येऊ दे, की अमुक तारखेला बाहेर, अमुक तारखेला आत, तक्रार असेल तर हा नंबर. त्याला बोर्ड लागत नाही, मंत्री लागत नाही, कायदा बदलावा लागत नाही. तुमचा बोर्ड यायला वीस वर्षं लागतील. हे उद्यापासून का होत नाही, एवढं कुणीतरी सांगा.

पेन्शनर_शिपाई:
होऊ शकतं ताई. कैदी गेटबाहेर पडतो तेव्हा पोलीस स्टेशनला पत्र जातंच, त्यावर फिर्यादीचा नंबर टाकायचा आणि एक कॉलम वाढवायचा. माझ्या वेळेस मी दोनदा लेखी सुचवलं होतं. वरून शेरा आला, "प्रचलित नियमांत तरतूद नाही".